विचित्र हवा आणि भूकंप

वारा पडला, उकाड्यानं जीव कासावीस झाला, किंवा अवेळी पाऊस कोसळला, की पारावर कुणीतरी म्हणतं, "ही हवा बरी नाही. आता जमीन हलणार." शहाड, म्हारळ, वरप, कांबा अशा उल्हास नदीकाठच्या गावांतून हा प्रश्न विचारला जातो, म्हणून आज त्याविषयी बोलू.

पहिली गोष्ट. ऊन, वारा, पाऊस हा जमिनीच्या वरचा कारभार आहे. भूकंप होतो काही किलोमीटर खोल. तिथला खडक वर्षानुवर्षं ताणाखाली असतो. ताण सोसवेनासा झाला की तो जुन्या भेगेवर एकदम सरकतो आणि जमीन हादरते. आता तुम्हीच बघा, वैशाखात वरची माती पाय भाजते, पण खोल विहिरीचं पाणी गारच लागतं. जी उष्णता विहिरीच्या तळापर्यंत पोचत नाही, ती काही किलोमीटर खाली काय पोचणार?

दुसरी गोष्ट तारखांची. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, थंडीत. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला, पावसाळा संपता संपता. भूजचा २६ जानेवारी २००१ ला. तिन्ही वेळची हवा एकसारखी नव्हती. उलट, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उल्हासला महापूर आला. पण त्यामागून मोठा भूकंप काही आला नाही.

मग पाण्याचा काहीच संबंध नाही का? थोडा आहे, आणि तो नीट समजून घ्या. मोठं धरण भरलं की पाण्याचं वजन पडतं, पाणी भेगांतून खाली मुरतं, आणि आधीच ताणलेला खडक सरकायला निमित्त मिळतं. कोयनेच्या परिसरात धरण भरल्यानंतर लहान धक्के वाढलेले शास्त्रज्ञांनी नोंदवले आहेत. ठाणे जिल्ह्यातही, भातसा धरणाच्या परिसरात, १९८३ साली धक्क्यांची मालिका झाली. भातसेचं पाणी काळू नदीतून आपल्या उल्हासलाच मिळतं. पण ध्यानात ठेवा, हा संबंध साठलेल्या पाण्याचा आणि खालच्या खडकाचा आहे. त्यावरून भूकंपाचा वार आणि वेळ कुणालाच सांगता येत नाही.

आभाळाकडे बघून भ्यायचं तर नुकसान दोन्हीकडून. वावडी उठली की लोक कामधंदा सोडून रात्री उघड्यावर काढतात. आणि हवा चांगली असली की निर्धास्त होतात. किल्लारीला गणपती विसर्जनानंतर लोक झोपी गेले होते. पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर कोसळली. सात हजारांहून अधिक माणसं गेली. माणूस मेला तो पडक्या घरानं, हे विसरू नका.

तेव्हा एवढं करा:

१. भिंतीला तडा असेल, कोपरे सुटले असतील, तर पावसाळ्याआधी दुरुस्त करा.

२. नवी दगडी भिंत बांधताना मधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घाला. दाराच्या चौकटीवरून घरभर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा.

३. माळ्यावर जड सामान ठेवू नका. झोपायच्या जागेवर तर मुळीच नको.

४. धक्का बसला आणि दार दोन पावलांवर असेल, तर मोकळ्यावर या. नाहीतर मजबूत पलंगाखाली शिरा आणि डोकं झाका. विजेच्या खांबापासून लांब राहा.

५. बातमी रेडिओवरची किंवा तहसील कचेरीची खरी माना.

आणि उकाडा वाढून ढग आले, तर पेंढा झाकून ठेवा. ते लक्षण वळवाच्या पावसाचं आहे, भूकंपाचं नव्हे.