भात्याच्या कॅमेऱ्याचे तंत्र

इंदूरच्या राजवाड्यापुढील चौकात उभे राहून त्या सात मजली प्रवेशद्वाराचे छायाचित्र घेण्याचा प्रयत्न आपल्यापैकी पुष्कळांनी केला असेल. माथा चौकटीत यावा म्हणून कॅमेरा वर उचलावा, तो दोन्ही कडा वरच्या अंगास एकमेकींकडे झुकतात आणि वास्तू मागे कलंडल्यासारखी दिसते. दोष भिंगाचा नसतो. कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर राहिलेली नसते, एवढेच.

सहलीच्या चित्रात हे खपून जाईल. परंतु १९८४ साली याच राजवाड्याचा मोठा भाग आगीत जळाला. अशी वास्तू पुन्हा उभारू पाहणाऱ्याला जुन्या छायाचित्रावरून खिडक्यांचे आणि खांबांचे प्रमाण काढावयाचे असेल, तर कललेल्या रेषा त्याच्या काय कामाच्या?

भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यात पुढे भिंगाची चौकट, मागे दुधी काचेची, आणि मधे भाता असतो. दोन्ही चौकटी स्वतंत्रपणे सरकविता व कलविता येतात. इंदूरला बांधकाम खात्यात असताना छायाचित्रणाकडे वळलेल्या व पुढे हैदराबादेस निजामाच्या दरबारी कीर्ती पावलेल्या लाला दीनदयाळ यांचे काम काचेच्या प्लेटांवरचे, याच जातीच्या यंत्राचे.

तिवई रोवून पाठ प्रथम पाणसळीने ओळंब्यात आणावी व मग तिला हात लावू नये. माथा हवा असेल तर कॅमेरा न उचलता केवळ भिंगाची चौकट वर सरकवावी. मात्र भिंगाने पाडलेल्या प्रकाशवर्तुळालाही सीमा आहे. ती ओलांडली की चित्राचे कोपरे काळे पडतात. काळे कापड डोक्यावर घेतले की काचेवर जग उलटे दिसते: आकाश तळाशी, फरसबंदी माथ्यावर. नवशिक्या याने गडबडतो. माझ्या मते हा उलटेपणा उपकारकच आहे. ओळखीचे दृश्य परके झाले की डोळा रेषांकडे पाहू लागतो.

आता खरी कसोटी. पायाशी असलेली फरशी आणि दूरची पायरी, दोन्ही स्पष्ट हव्या आहेत. दूरच्या पायरीवर भिंग जुळवावे, मग भिंगाची चौकट किंचित पुढे कलवावी आणि जवळची फरशी उजळ व रेखीव होईपर्यंत थांबावे. एवढ्यात पायरी बिघडलेली असते. ती पुन्हा जुळवावी, पुन्हा कल तपासावा. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही एकाच वेळी जुळतात. बहुधा कल फार थोडा लागतो, आणि घाईने जास्त देणारेच फसतात. वस्तूची पातळी, भिंगाची पातळी व फिल्मची पातळी एकाच रेषेत मिळाल्या की हे घडते. बलूनमधून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे करू पाहणारा ऑस्ट्रियाचा सैनिकी अधिकारी थिओडोर शाइम्प्फ्लुग याने १९०४ च्या पेटंटात हा नियम मांडला. त्याचे नाव त्यास चिकटले असले, तरी फ्रान्सच्या ज्यूल कार्पाँतिए यांनी १९०१ सालीच तो सांगितला होता.

मात्र फरशी साधली की उभ्या भिंतीचा माथा धूसर होऊ लागतो. तडजोड म्हणून कल थोडा कमी करावा व छिद्र एफ-बावीसपर्यंत लहान करावे. जुळवणी मात्र छिद्र पूर्ण उघडे ठेवून, हातभिंगाने काचेचा कणन्‌कण पाहूनच करावी.

भाता किती ताणला आहे हेही पाहावे. दीडशे मिलिमीटरच्या भिंगासाठी तो तीनशेपर्यंत ताणला, म्हणजे वस्तू तिच्या मूळ मापाची टिपावयाची असली, की प्रकाशन चौपट द्यावे लागते.

आता शटर मिटावे, छिद्र ठरवावे, धारक बसवावा आणि मगच त्यातील झाकणपट्टी ओढावी. चित्र घेतल्यावर पट्टी परत घालताना तिची काळी कड बाहेर ठेवण्याची प्रथा आहे. म्हणजे कोणती फिल्म वापरली गेली ते अंधाऱ्या खोलीत जाण्यापूर्वीच कळते.