बीपी ठीक आहे, पण रक्त पोचतंय का?

मी इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. आज बोलायचंय एका अशा आकड्याबद्दल, जो नेहमीच्या मॉनिटरवर दिसतच नाही.

कॅज्युअल्टीत पेशंट आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, बीपी किती?" बीपी म्हणजे दाब. पण मेंदूला, किडनीला नुसता दाब पुरत नाही, रक्त पोचावं लागतं. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतं, तो आकडा म्हणजे कार्डिॲक आउटपुट. शांत बसलेल्या मोठ्या माणसात साधारण ५ लिटर. तुमचं स्मार्टवॉच ठोके मोजतं, पण एका ठोक्यात किती रक्त गेलं ते त्याला कळत नाही.

आणि शरीर लबाड असतं! रक्त कमी पडलं की ते रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवतं. यात तरुण मंडळी सगळ्यात पटाईत. म्हणून डेंग्यूच्या पेशंटचं बीपी १००/८५ दिसलं की "वरचा आकडा छान आहे" म्हणून आम्ही निवांत होत नाही. दोन आकड्यांतला फरक २० किंवा त्याहून कमी, हातपाय गार, म्हणजे रक्त पुढे जात नाहीये. इथे सलाइन कमी पडलं तर शॉक, जास्त झालं तर फुप्फुसाभोवती पाणी. मग द्यायचं किती?

पूर्वी आउटपुट मोजायचं तर मानेच्या शिरेतून, हृदयातून, थेट फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नळी घालायचे. टोकाला फुगा असलेली ही नळी १९७० मध्ये स्वान आणि गँझ या डॉक्टरांनी आणली. अनेक वर्षं आयसीयूत तिचं राज्य होतं. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या हजारावर पेशंटच्या अभ्यासात मृत्यू काही कमी झालेले दिसले नाहीत. आणि कॅज्युअल्टीच्या गडबडीत ती घालायला वेळ कोणाकडे असतो?

आता आम्ही छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवतो. हृदयाच्या बाहेर पडायच्या वाटेचा व्यास समजा २ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४. डॉप्लर सांगतो की एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ २० सेंटिमीटर पुढे सरकला. गुणाकार केला की झाले ६३ मिलिलिटर. ८० ठोके धरा, आलेच ५ लिटर! सुई नाही, टोचणं नाही. फक्त व्यास मोजताना थोडं चुकलं तरी वर्ग करताना ती चूक फुगते. म्हणून मी लिटरच्या मागे फार लागत नाही, ते २० सेंटिमीटर वाढतात की घटतात एवढं बघतो. छातीला पट्ट्या लावून विजेच्या अडथळ्यावरून मोजणारी यंत्रंही आहेत, पण पेशंट हलला, घामाघूम असला की ती गोंधळतात.

आता माझी आवडती युक्ती. पेशंटला अर्धवट बसवायचं, मग पलंगच असा फिरवायचा की धड आडवं आणि पाय ४५ अंश वर. पायांतलं, पोटातलं सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येतं. एका मिनिटात पुन्हा प्रोब. आकडा १० टक्क्यांच्या वर वाढला, तर सलाइनचा उपयोग होईल. नाही वाढला, तर पाय खाली, रक्त परत जागेवर. उधार आणलं, परत केलं! बाटली एकदा आत गेली की अशी परत घेता येत नाही.

अर्थात आकडा वाढला म्हणजे सलाइन द्यायलाच हवं असं नाही. धडधाकट माणसातही तो वाढतो. आणि डेंग्यूत पोटात पाणी भरून पोट टम्म ताणलं असेल, तर ही युक्ती फसू शकते. तेव्हा लघवी किती होतेय, हात गरम झाले का, हे दर थोड्या वेळाने स्वतः जाऊन बघावं लागतं.

घरी कोणाला डेंग्यू असेल, तर ताप उतरतानाचे दिवस जास्त सांभाळा. हातपाय गार, लघवी कमी, पोटात दुखतंय, सारख्या उलट्या, असं काही दिसलं तर "बीपी नॉर्मल आहे ना" म्हणून थांबू नका, सरळ घेऊन या.