जंताच्या गोळीची गोष्ट

रेकॉर्डिंग बर्डीवर सुरू आहे, त्यामुळे खिडकी लावली तरी मेन रोडचे हॉर्न ऐकू येणारच. तेवढं सांभाळून घ्या.

आज बोलायचंय डॉ. कुमुद मेहतांबद्दल. मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया हॉस्पिटल आहे, 1929 पासून लहान मुलांसाठी चालणारं. तिथं त्यांनी मुलांच्या किडनीच्या आजारांवर काम केलं. किडनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ट्रान्सप्लांट येतं, ग्रीन कॉरिडॉर येतो, सायरन वाजतो. मला मात्र त्यांच्या कामातली जंताची गोळी सगळ्यात भारी वाटते. कशी, ते सांगतो.

नेफ्रोटिक सिंड्रोम नावाचा आजार आहे. किडनीची गाळणी ढिली होते आणि रक्तातलं प्रोटीन लघवीतून वाहून जातं. सकाळी पोराचे डोळे सुजलेले दिसतात, घरच्यांना वाटतं ॲलर्जी असेल. मग पाय सुजतात, पोट फुगतं. बहुतेक मुलांना स्टेरॉइडनं बरं वाटतं. पण त्यातल्या अनेकांचा आजार उलटतो. सर्दी झाली, उलटला. गोळी कमी केली, उलटला. परत स्टेरॉइड. वर्षानुवर्षं असं चाललं की चेहरा गोल होतो, भूक आवरत नाही, बीपी वाढतं, मोतीबिंदू होऊ शकतो आणि उंची खुंटते. वर्गातली पोरं "जाड्या" म्हणतात ते वेगळंच. म्हणजे किडनी वाचते, पण त्याची किंमत पोरगं वाढीतून मोजतं.

तेव्हा लेव्हामिसोल हे जंतावरचं साधं, स्वस्त औषध होतं. ते प्रतिकारशक्तीवरही परिणाम करतं, हे लक्षात आलं होतं. 1980 च्या सुमारास थायलंडमध्ये ते या आजारात वापरून पाहिलं गेलं. मुंबईत मेहता, डॉ. उमा अली आणि सहकाऱ्यांनी ते आपल्या मुलांना देऊन पाहिलं आणि 1986 मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड' या ब्रिटिश जर्नलमध्ये निबंध छापला. नवीन रेणू शोधायचा नाही, दुकानात आहे तीच गोळी नव्या कामाला लावायची. आम्ही कोडवाले याला रीयूज म्हणतो. फरक एवढाच की आमचा बग पोराच्या अंगावर निघत नाही.

पुढं 1991 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटिश चाचणी आली. 61 मुलं होती. स्टेरॉइड बंद केल्यावरही 112 व्या दिवशी आजार न उलटलेली मुलं लेव्हामिसोलच्या गटात 14, दुसऱ्या गटात 4. 2018 च्या युरोप-भारत चाचणीत वर्षभरानंतर आजार न उलटलेले 26 टक्के निघाले, नुसती डमी गोळी घेणाऱ्यांत 6 टक्के. 26 म्हणजे काही जादू नाही, मान्य. पण त्या मुलांच्या आयांना विचारा.

आता ट्रान्सप्लांटचं. ज्यांना स्टेरॉइड लागूच पडत नाही, अशा काही मुलांची किडनी निकामी होते. मग डायलिसिस, नाहीतर आई किंवा बाबा स्वतःची किडनी देतात. त्यातही काहींचा मूळ आजार नव्या किडनीत परत येतो. हे वाचून मी लॅपटॉप मिटवून थोडा वेळ नुसताच बसलो होतो.

एक इंजिनीअरचं निरीक्षण. या आजारात घरीच पट्टीनं सकाळची लघवी तपासतात आणि वहीत लिहितात. सलग तीन दिवस 3 प्लस आलं, तरच आजार उलटला असं धरतात. एका दिवसाच्या रीडिंगवर अलार्म नाही. आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरला एवढी अक्कल असती तर रात्री फोन वाजले नसते! आणि हे सगळं शंभर पानी वहीत, ॲपबिप काही नाही.

आणि हो, ऐकून लगेच मेडिकलमध्ये धावू नका. या गोळीनं पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. ती डॉक्टरांनीच द्यायची. मात्र घरातल्या पोराचे डोळे रोज सकाळी सुजलेले दिसत असतील, तर लघवीची साधी तपासणी करून घ्या.

भेटू पुढच्या एपिसोडला.