सरासरी माणूस कुठे राहतो?

कुणी वाळूजच्या कंपनी बसमध्ये असाल, कुणी क्लासच्या बाहेर थांबला असाल, कुणी नुसतंच गच्चीवर. आजचा भाग आकड्यांचा आहे, पण घाबरू नका. पाचवीच्या गणितापलीकडे काही नाही. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा मजकूर.

ऑक्टोबर २०१० ची गोष्ट. आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच दिवशी विकल्या गेल्या. डॉक्टर, उद्योजक, व्यावसायिक अशा लोकांनी एकत्र येऊन सौदा केला, सुमारे ६५ कोटींचा. देशभर बातमी झाली. आता याच शहराची दुसरी बातमी तुम्हाला सांगायची गरज नाही. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, हे इथल्या प्रत्येक घराला तोंडपाठ असतं. आणि गुंठेवारीतल्या कित्येक वस्त्यांना नळच नाही, तिथे टँकर.

या दोन बातम्यांची बेरीज करून भागाकार केला तर काय मिळेल? एक 'सरासरी संभाजीनगरकर'. त्याच्याकडे मर्सिडीजचा एखादा बोल्ट आणि टँकरचे चार हंडे. असा माणूस शहरातल्या कुठल्याच गल्लीत राहत नाही. आजचा विषय आहे इकॉलॉजिकल फूटप्रिंट, आणि मला बोलायचंय ते या न सापडणाऱ्या माणसाबद्दल.

आधी कल्पना समजून घेऊ. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचा विद्यार्थी मॅथिस वॅकरनागेल यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न मांडला. एक माणूस जे खातो, नेसतो, जाळतो, फेकतो, त्यासाठी किती जमीन आणि किती समुद्र राबतो? शेत, कुरण, जंगल, मासेमारीचं पाणी, घरं-रस्त्यांखालची जमीन, आणि आपण सोडलेला कार्बन शोषायला लागणारं जंगल. हे सगळं एकाच मापात, 'ग्लोबल हेक्टर'मध्ये मोजायचं. मग दुसऱ्या बाजूला निसर्ग वर्षभरात किती परत भरून देतो ते लिहायचं. जमा आणि खर्च. आपल्या किराणा दुकानदाराच्या वहीसारखंच.

या वहीत जगाचा ताळेबंद असा आहे. पृथ्वी माणशी साधारण दीड हेक्टर देते, आपण अडीचच्या वर वापरतो. म्हणून दरवर्षी एक तारीख जाहीर होते, ज्या दिवशी वर्षभराचा साठा संपतो. २०२५ मध्ये ती २४ जुलै होती. त्यानंतरचे पाच महिने उधारीवर.

भारताचा आकडा? माणशी साधारण एक ते सव्वा हेक्टर. अमेरिकन माणसाचा सात-आठ. म्हणजे सगळं जग आपल्यासारखं जगलं तर एक पृथ्वी पुरून उरेल. ऐकायला छान वाटतं ना? पण त्याच वहीत पुढच्या रकान्यात लिहिलंय की भारताची स्वतःची जमीन-पाणी-जंगल माणशी जेमतेम ०.४ हेक्टर देतं. आपण कमी वापरतो हे खरं, आणि आपल्याकडे आहे त्याच्या अडीच-तीन पट वापरतो हेही खरं. दोन्ही वाक्यं एकत्र डोक्यात ठेवायची सवय लावून घ्या. सोयीचं तेवढं एकच पकडलं की वाद जिंकता येतो, हिशेब मात्र चुकतो.

आता स्वतःचा आकडा. इंटरनेटवर यासाठी कॅल्क्युलेटर आहेत. मी एक उघडला, तर घराच्या प्रकारात पर्याय होते, 'रनिंग वॉटर' असलेलं घर आणि नसलेलं घर. आता काय सांगायचं? नळ आहे. तो रनिंग कधी असतो, हा वेगळा प्रश्न. म्हणून मी ते बंद केलं आणि कागद घेतला. तुम्हीही घ्या, तीनच ओळी आहेत.

आमचं घर सिडकोतलं, माणसं चार. पहिली ओळ वीज. महिन्याला साधारण १६० युनिट. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशावर बनते, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. झाले ११२ किलो. दुसरी ओळ गॅस. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, एक किलो जळला की जवळपास तीन किलो कार्बन डायऑक्साइड. आमचं सिलिंडर दीड महिना जातं, म्हणजे महिन्याला २८ किलो. तिसरी ओळ स्कूटर. बारा लिटर पेट्रोल, लिटरमागे २.३ किलो, पुन्हा २८. बेरीज १६८. भागिले चार माणसं, ४२. वर्षाचे माणशी पाचशे किलो, अर्धा टन.

आता तुलना बघा. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. मग उरलेला दीड टन कुठे आहे? तो ना महावितरणच्या बिलात आहे, ना पेट्रोल पंपाच्या पावतीत. तो सिमेंटमध्ये आहे, स्टीलमध्ये, युरियात, मालवाहू ट्रकमध्ये, कारखान्यांत. यावर माझं नियंत्रण 'दिवा बंद करा' या सल्ल्याने येत नाही. दिवा बंद करावाच, बिल वाचतं. पण पावलाचा मोठा भाग घराबाहेर उमटतो हे माहीत असावं. आणखी एक आकडा देतो. चिकलठाण्याहून विमानाने दिल्लीला जाऊन आलं की माणशी दीडशे ते दोनशे किलो. आमच्या घरातल्या एका माणसाचा चार महिन्यांचा वीज-गॅस-पेट्रोलचा हिशेब एका फेरीत.

इथे तो सरासरी माणूस परत येतो. जागतिक हवामान परिषदांत भारत म्हणतो, आमचं दरडोई उत्सर्जन कमी आहे, आम्हाला विकासाला वाव द्या. बरोबर आहे. ज्यांनी दोनशे वर्षं धूर सोडला त्यांनी आधी आवरावं. पण २००७ मध्ये ग्रीनपीस इंडियाने एक अहवाल काढला होता, नाव 'हायडिंग बिहाइंड द पुअर'. गरिबांच्या आड लपणं. मुद्दा असा की देशाची सरासरी खाली ठेवतात ती कोट्यवधी गरीब माणसं, आणि त्या सरासरीचा फायदा घेतात वरच्या थरातले लोक. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी असलेली बाई मुद्दाम पर्यावरण वाचवत नाहीये. तिच्याकडे वापरायला नाहीच. तिच्या नाइलाजाला आपण 'साधी जीवनशैली' म्हणणार असू, तर ते वाईट आहे.

आता या मापाचीच एक मर्यादा सांगतो, कारण ती नेमकी आपल्या शहराला लागू पडते. ग्लोबल हेक्टरमध्ये जमीन आणि कार्बन मोजले जातात. धरण किती रिकामं झालं, बोअर किती खाली गेलं, कचरा कुणाच्या दारात पडला, हे त्यात थेट येत नाही. आणि आपलं शहर रस्त्यावर आलं ते नेमकं याच दोन गोष्टींसाठी, पाणी आणि कचरा.

पाणी घ्या. आपलं पाणी पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून येतं, आणि शहर धरणापेक्षा शंभर मीटरहून जास्त उंचीवर आहे. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, पंपात आणि पाइपात काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी, पाव युनिटहून जास्त वीज लागते. म्हणजे आपल्या प्रत्येक हंड्यात थोडा कोळसा आहे. गळणाऱ्या पाइपातून पाण्यासोबत वीजही गळते. हा खर्च कुणाच्याच घरच्या बिलात दिसत नाही.

एप्रिल २०१६ आठवतो? तुमच्यातले बरेच जण शाळेत असतील. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी चाललं होतं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी पन्नास, मग साठ टक्के कपात करायला सांगितलं. फूटप्रिंटच्या नियमाने वस्तूचा भार ज्याने वापरली त्याच्या नावावर जातो. वाळूजची बिअर मुंबईत प्यायली, तर हिशेब मुंबईच्या खात्यावर. नियम योग्यच आहे. पण पाणी गेलं ते पैठणचं, आणि ते खात्यावर टाकून परत येत नाही.

कचऱ्याचं तर विचारूच नका. कित्येक दशकं शहराचा कचरा नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहर स्वतःच्या कचऱ्यासोबत राहू लागलं. मार्चमध्ये कचऱ्यासाठी दुसरी जागा शोधताना मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमारापर्यंत गोष्ट गेली. फूटप्रिंट म्हणजे पावलाचा ठसा, हे आपण उपमा म्हणून बोलतो. नारेगावच्या लोकांसाठी ती उपमा नव्हती. आपलं पाऊल खरोखर त्यांच्या अंगणात होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मोजा, पण सरासरीवर थांबू नका. मी फोनमध्ये एक नोट ठेवली आहे, महिन्याला चार आकडे लिहितो. युनिट, सिलिंडर, पेट्रोल, आणि विकत घेतलेलं पाणी. पाच मिनिटांचं काम आहे. ही झाली घरची बाजू. शहराच्या बाजूचे दोन प्रश्न माहिती अधिकारात महापालिकेला विचारता येतात, शुल्क दहा रुपये. पाणी वर चढवायला वर्षाला किती वीज लागते आणि त्यातलं किती पाणी वाटेत गळतं? रोजच्या कचऱ्यातला किती टन वेगळा होऊन येतो आणि उरलेला नेमका कुठे जातो? ही दोन उत्तरं माझ्या दिवे बंद करण्यापेक्षा खूप मोठी आहेत.

तुम्ही तुमच्या तीन ओळींची बेरीज करून माणशी आकडा मला पाठवा. सोबत एवढंच लिहा की कुठल्या भागात राहता आणि पाणी कितव्या दिवशी येतं. त्यांची सरासरी मी काढणार नाही. पुढच्या भागात एकेक आकडा वेगळा वाचून दाखवीन. भेटू.