दुरुस्ती : स्वावलंबनाची पहिली पायरी



सरावलीपासून काही किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या काठी तारापूरचे अणुवीज केंद्र उभे आहे. हे भारतातील पहिले अणुवीज केंद्र. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने हे केंद्र बांधून दिले होते आणि इंधनही तिकडूनच यावयाचे होते. मे १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली आणि चित्र पालटले. इंधनाच्या पुरवठ्यात विघ्ने आली, सुटे भाग आणि तांत्रिक साहाय्य मिळेनासे झाले. इंधनाचा प्रश्न पुढे फ्रान्सशी करार होऊन सुटला. परंतु यंत्राच्या देखभालीचे काय?

ते काम भारतीय अभियंत्यांनी केले. जे यंत्र आपण बनविलेले नाही, ते त्यांनी बारकाईने समजून घेतले, त्यातील दोष शोधले. दुय्यम बाष्पजनित्रांत गळती सुरू झाली तेव्हा सदोष भाग बाजूला काढून, प्रत्येक भट्टीची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटपर्यंत उतरवून त्यांनी केंद्र चालू ठेवले. आणि २००५-०६ मध्ये याच आवारात ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी बनावटीच्या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या.

घरातील मिक्सर आणि अणुभट्टी यांची तुलना कोणी करणार नाही, करूही नये. मात्र दोहोंच्या मागचा प्रश्न एकच आहे. वस्तू बिघडली की तिच्यापुढे हात टेकायचे, की ती उघडून समजून घ्यायची? ज्या समाजाला आपल्या वापरातील वस्तू उघडता येत नाहीत, तो समाज त्या वस्तूंचा मालक नसतो. तो केवळ ग्राहक असतो.

परंपरा आणि खंड

मराठी घराला दुरुस्ती नवी नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी होत असे. दारावर कल्हईवाला येई. पावसाळ्याच्या तोंडावर छत्रीच्या काड्या बदलून घेतल्या जात. यात केवळ दारिद्र्य होते असे समजणे चुकीचे ठरेल. वस्तूत गेलेल्या श्रमांविषयी आदर होता. चिंचणीपासून वाढवणपर्यंतच्या किनाऱ्यावर घराघरांत डायमेकिंगचे नाजूक काम करणारे हात आहेत. सूक्ष्म कामाची सवय या परिसराला परकी नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आरंभ १८८८ साली बेळगावातील सायकलींच्या दुकानातून झाला. तेथे सायकली विकल्या जात, तशा दुरुस्तही होत. त्याच हातांनी पुढे लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुरुस्ती करणारा हात निर्मितीकडे वळतो, तो असा.

मग हा प्रवाह खंडित का झाला? एक कारण वस्तूंच्या घडणीत आहे. पूर्वीच्या रेडिओला स्क्रू असत आणि आत सर्किटचा नकाशा चिकटविलेला असे. आजच्या मोबाइलमध्ये बॅटरी डिंकाने चिकटविलेली असते आणि स्क्रूसाठी निराळे पेचकस लागतात. दुसरे कारण मनात आहे. ‘दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू स्वस्त पडते’ हे वाक्य हिशेब न करताच उच्चारले जाते.

बिघाड कोठे असतो?

इलेक्ट्रॉनिक वस्तू बंद पडली म्हणजे ती सगळीच निकामी झाली, असे क्वचितच घडते. बहुधा एखादा किरकोळ भाग गेलेला असतो. छताचा पंखा सावकाश फिरू लागला किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होऊ लागला, तर कपॅसिटर कमजोर झाल्याची शक्यता सर्वांत मोठी; एका सिनेमाच्या तिकिटाहूनही तो स्वस्त असतो. मिक्सर वाटण वाटता वाटता एकाएकी थांबला, तर त्याच्या बुडाशी असलेले अतिभाराचे बटण पाहावे. मोटार तापली की ते आपणहून सुटते. थोडे थांबून दाबले की यंत्र पुन्हा चालते. ठिणग्या दिसू लागल्या, तर कार्बन ब्रश झिजले असण्याची शक्यता असते. रिमोट चालेनासा झाला, तर सेल पाझरून स्प्रिंगवर साचलेली पूड आधी साफ करावी. चार्जरची आणि हेडफोनची वायर बहुतेक वेळा टोकाशीच, वळणावर तुटते.

किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी, दमट हवा. पावसाळ्यात धातूच्या जोडांवर गंज चढतो आणि सर्किटवरील डाख ढिली पडते. अनेकदा सर्किट मऊ ब्रशने व स्पिरिटने स्वच्छ करून संशयास्पद जोडावर पुन्हा डाख दिली की ‘मेलेला’ रेडिओ बोलू लागतो. सोल्डरिंग खिडकीजवळ करावे आणि डाखेत शिसे असल्यामुळे नंतर हात धुवावेत.

यासाठी लागणारी सामग्री थोडी आहे : एक मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, पेचकसांचा संच आणि सिरीज बोर्ड. सिरीज बोर्ड ही आपल्याकडच्या कारागिरांची साधी पण चतुर युक्ती आहे. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, शंभर वॉटचा, यंत्राशी एकसरीत जोडतात. लहान यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. फ्यूज उडत नाही आणि यंत्रही जळत नाही. बोर्ड मात्र जाणकाराकडून बांधून घ्यावा आणि त्याच्याच देखरेखीखाली वापरावा. सुटे भाग बोईसर-पालघरच्या दुकानांत मिळाले नाहीत, तर पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरावे. लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अशा भागांसाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे.

धाडस आणि अविवेक

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. दुरुस्तीचा उत्साह प्राणावर बेतता कामा नये. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही घातक विद्युतभार राहू शकतो. जुन्या, काचेच्या नळीच्या दूरदर्शन संचात वीस हजार व्होल्टहून अधिक दाब निर्माण होतो. ही दोन यंत्रे घरी उघडू नयेत. मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर ती टोचू नये, दाबू नये, चार्जिंगला लावू नये. लिथियमची आग सहजासहजी विझत नाही. घरात तीस मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविलेला असावा. मुलांनी सेलवर चालणाऱ्या वस्तूंपासून आरंभ करावा आणि विजेवरचे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

प्रत्येक वस्तू वाचविलीच पाहिजे, असाही आग्रह नको. बेसुमार वीज खाणारा जुना फ्रीज वर्षानुवर्षे चालविण्यात काटकसर नाही. दुरुस्ती म्हणजे हट्ट नव्हे, हिशेब आहे.

जुन्याला नवे काम

जी वस्तू मूळ कामासाठी अपुरी पडते, ती दुसऱ्या कामाला पुरेशी असू शकते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. पुढील आवृत्तीच्या अटींत न बसणारे असंख्य संगणक त्या दिवशी कागदोपत्री ‘जुने’ झाले. यंत्र म्हणून मात्र ते धडधाकट आहेत. अशा संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, मेमरी थोडी वाढविली आणि लिनक्स घातले, तर विद्यार्थ्याच्या अभ्यासाला तो आणखी काही वर्षे उपयोगी पडतो. भारतीय भाषांतून वापरता येईल अशी ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली सी-डॅकने विकसित केलेली आहे. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत असा संगणक पोहोचला, तर बोईसरच्या माळ्यावरील अडगळ तेथील मुलांचे साधन होईल. देण्यापूर्वी त्यातील खासगी माहिती पूर्णपणे पुसावी.

जुना मोबाइल आजोबांसाठी भजने आणि व्याख्याने ऐकण्याचे यंत्र होतो. बंद पडलेल्या संगणकातील पंखा सोल्डरिंगचा धूर दूर सारण्यास उपयोगी पडतो. टाकाऊतून टिकाऊ हा शब्दप्रयोग शाळेच्या हस्तकलेपुरता नाही.

न दिसणारा उकिरडा

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील एक चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याच्या रीतसर पुनर्वापराची नोंद आहे. उरलेल्यापैकी बराचसा कोठे तरी उघड्यावर जाळला जातो किंवा आम्लात बुडविला जातो. त्यातील शिसे, कॅडमियम आणि पारा माती-पाण्यात उतरतो. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना दूषित पाण्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जे खरोखरच दुरुस्त होण्यापलीकडे गेले आहे, ते भंगारात न फेकता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपविले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवरही त्याची जबाबदारी टाकली आहे.

सुट्या भागांचा आणि माहितीचा प्रश्न ग्राहकाच्या हक्काचा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने आणि शेतीची यंत्रे यांच्या देखभालीची माहिती एकत्र मिळावी, हा त्यामागील हेतू. हक्क मिळाला, तरी तो वापरणारे हात तयार नसतील तर तो कागदावरच राहतो.

हात तयार कसे होतील?

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेत विद्या संपादन केलेला हा शास्त्रज्ञ खेड्यात गेला, तो काम करता करता शिकण्याचा विचार घेऊन. तेथे मुले वीजजोडणी, सुतारकाम, शेती, यंत्रे हाताळत शिकतात. पुस्तकातील ओहमचा नियम जेव्हा बोटांना कळतो, तेव्हा तो परीक्षेनंतरही विसरत नाही.

सरावली-बोईसरमध्ये याची सामग्री हाताशी आहे. कारखान्यांतील तंत्रज्ञ येथे राहतात, आयटीआय झालेले तरुण आहेत, निवृत्त अभियंते आहेत. एखाद्या सोसायटीत महिन्यातील एका रविवारी टेबल मांडावे. शेजारपाजारच्यांनी बिघडलेली वस्तू आणावी आणि ती केवळ देऊन न जाता शेजारी बसावे. अनुभवी व्यक्तीने दोष दाखवावा, मुलाने स्क्रू काढावा, आईने कारण विचारावे. दहातील चार वस्तू दुरुस्त झाल्या नाहीत, तरी त्या कशामुळे बिघडल्या हे दहाही घरांना कळेल. तोच खरा लाभ.

तारापूरच्या अभियंत्यांना कोणीतरी पुरवठा नाकारला, तेव्हा त्यांना उपयोगी पडली ती आधीपासून जोपासलेली जिज्ञासा. ती प्रयोगशाळेत अंकुरत नाही. ती घरातील बंद पडलेल्या रेडिओपाशी, ‘आत काय आहे, पाहू’ या शब्दांनी सुरू होते. ते शब्द उच्चारणाऱ्या मुलाला कोणी अडवू नये. त्याच्या हाती पेचकस द्यावा, प्लग काढला आहे ना एवढे पाहावे आणि त्याच्या शेजारी बसावे.