पुढच्या उन्हाळ्याचं दूध



आमच्या वडिलांच्या गोठ्यात चार म्हशी होत्या. चारही श्रावण-भाद्रपदात, पाठोपाठ व्यायच्या. दिवाळीला दूध ठेवायला भांडी पुरत नसत, आणि वैशाखात पाहुणा आला की चहापुरत्या दुधासाठी आई वाटी घेऊन शेजारी जायची. वडील म्हणत, म्हशीची जातच तशी. पुढे मी पशुवैद्यक झालो, गोठ्यागोठ्यांतून हिंडलो, तेव्हा कळलं की त्यांचं म्हणणं अर्धंच खरं होतं.

दिवस लहान होऊ लागले, रात्र वाढली, की म्हैस माजावर येते. काळी कातडी ऊन शोषते, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. म्हणून उन्हाळ्यात तिचा माज दबतो. काही म्हशी माजावर येतच नाहीत, बऱ्याचजणी येतात पण मुक्या माजाने. आश्विन-कार्तिकात गाभण राहिलेली म्हैस साधारण 310 दिवसांनी, दहा महिने दहा दिवस भरून, पावसाळ्यात विते. हे झालं अर्धं.

उरलेलं अर्धं हिशेबाचं. 1 एप्रिलच्या सुमारास गाभण राहिलेली म्हैस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विते आणि ऐन टंचाईत भर दुधात असते. पुढच्या उन्हाळ्याचं दूध या उन्हाळ्यातच ठरतं, आणि ते ठरतं मुका माज ओळखण्यावर.

गाय माजावर आली की हंबरते, दुसरीवर उड्या टाकते, सगळ्या वाडीला कळतं. म्हशीचं तसं नाही. रात्री जेवणं उरकल्यावर आणि पहाटे धारेआधी बॅटरी घेऊन गोठ्यात जा. बसलेल्या म्हशीच्या मागे जमिनीवर काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट पडलेला दिसेल. गाईसारखा तो लोंबत राहीलच असं नाही. म्हैस उठून शेणात पाय देईपर्यंतच दिसतो. ती थोडी थोडी लघवी करते, शेपूट उचलून धरते, धारेला पान्हा चोरते. हे आधी लक्षात येतं ते धार काढणाऱ्या बाईच्या. आणि डॉक्टरला बोलवायचं की नाही, हे मात्र घरधनी रानातून आल्यावर ठरतं! बहिणींनो, वाट पाहू नका, फोन तुम्हीच करा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वेळ हुकली की 21 दिवस गेले. तेवढ्या दिवसांची वैरण आणि पेंड काही चुकत नाही.

माज यावा म्हणून दाट सावली हवी, दुपारच्या उन्हात दोन-तीनदा अंगावर पाणी हवं, जवळ तळं असेल तर डुंबू द्यावं. वैरण पहाटे आणि रात्री, गारव्याला टाका. थोडी का होईना, हिरवी असू द्या. रोज 50 ग्रॅम क्षार मिश्रण द्या.

मात्र एक चूक कळकळीने टाळायला सांगतो. पावसाळ्यात व्यालेली म्हैस दिवाळीत माजावर आली, तर उन्हाळ्याच्या दुधापायी तिला रिकामी ठेवू नका. व्याल्यावर दोनेक महिने गर्भाशयाला विसावा द्या आणि मग येणारा पहिला माज धरा. भाकड दिवसांचा खर्च उन्हाळ्यातला चढा दर भरून काढत नाही. व्यायचा महिना बदलायचा तो वगारींचा, आणि उलटत उलटत फाल्गुनापर्यंत आलेल्या म्हशींचा. चार म्हशींत दोन तरी उन्हाळ्यात दुधावर असाव्यात, एवढं धोरण ठेवा. एका वर्षात हे जमत नाही.

व्याल्याची, माजाची, रेतनाची तारीख कॅलेंडरवर लिहा. रेतनानंतर 21 दिवसांनी पुन्हा रात्रीची फेरी मारा. म्हैस उलटलेली दिसली नाही, तरी तेवढ्यावर तिला गाभण समजू नका. आधीचा माज मुका होता, तसा हाही असू शकतो. गाभण म्हणून सांभाळलेली म्हैस सहाव्या महिन्यात रिकामी निघाली, की घरातल्या माणसांचे चेहरे पाहवत नाहीत. दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टरकडून तपासून घ्या. तपासायला पाच-दहा मिनिटं लागतात.