वडीलधाऱ्यांना बसवून ठेवू नका
(कलशारोहण समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार झाला. नवा सभामंडप उभा राहिला, शिखरावर कळस चढला. गावकऱ्यांनी श्रमदान केले, मुंबई-पुण्याच्या मंडळींनी यथाशक्ति देणग्या दिल्या. परंतु ज्या पिढीने पडक्या देवळातही दिवाबत्ती आणि काकडआरती चुकू दिली नाही, ती पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. तिचे हातपाय कसे चालते राहतील, याचाही विचार या मंगल प्रसंगी व्हावा.

वृद्धांची सेवा म्हणजे त्यांच्या हातचे काम काढून घेणे, असा घरोघरी समज आहे. “आता तुम्ही नुसते बसा,” असे मुलगा प्रेमाने म्हणतो. सून सासूच्या हातातली विळी घेते. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होतो. वयाबरोबर स्नायू झिजतातच. बसून राहिल्याने ते अधिक लवकर झिजतात. पायांतली ताकद गेली की तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि अंथरूण धरण्याची वेळ येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की ६५ वर्षांवरील माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे, दम थोडा वाढेल इतपत हालचाल करावी; शिवाय निदान तीन दिवस तोल व ताकद राखणारा व्यायाम करावा. सहा दिवस रोज २५ मिनिटे जरा झपझप चालले, तरी पहिला हिशेब पुरा होतो. भजनात टाळ वाजवीत पावली खेळणे हा तोलाचाच सराव आहे. मात्र ज्याला हृदयविकार आहे, त्याने डॉक्टरांना विचारून बेताने करावे.

शरीराइतकीच संगतही महत्त्वाची. ऐकू कमी येऊ लागले, की माणूस चारचौघांत जाणे टाळतो आणि घरात एकटा पडतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली बहिरेपणा, अधू दृष्टी, एकटेपणा आणि हालचालीचा अभाव यांची गणना स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या कारणांत केली आहे. म्हणून कान तपासून घ्यावेत, मोतीबिंदू वेळेवर काढावा.

आणि हाताला कारणी लागणारे काम असावे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. पुढे ते १९६२ पर्यंत, १०४ वर्षे जगले. सर्वांना तेवढे आयुष्य लाभत नाही. पण या वयात आता काय करायचे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला अडवू दिला नाही.

देवळात अशी कामे पुष्कळ आहेत. फुले वेचणे, पोथी वाचणे, हिशेब लिहिणे, मुलांना पाढे आणि अभंग शिकविणे. यांच्या पाळ्या वडीलधाऱ्यांकडे द्याव्यात, आणि त्या म्हाताऱ्या बायकांनाही द्याव्यात.

एक गोष्ट अजून राहिली आहे. नवी फरशी देखणी आहे, पण ओली झाली की पाय घसरतो. पायऱ्यांना धरायला कठडा, वाटेवर दिवा आणि मंडपात पाठ टेकता येईल असे दोन बाक हवेत. देणगीदारांनी गावी आल्यावर वडिलांना मोटारीतून दर्शनाला नेऊ नये. हात धरून, त्यांच्या चालीने चालवीत न्यावे. कार्तिकातील काकडआरती सुरू होण्यापूर्वी कठडा बसावा, एवढी समितीला विनंती.